पातेलं झाकण्याआधी

ऑफिसातल्या सुलूताई गेल्याचा फोन आला आणि रडू यायच्या आधी त्यांचं ओरडणंच कानात घुमलं... "सुधाकर, घाई कशाला करायलास? कोण राहिलं ते बघ की!"

घरीही हेच. परभणीत त्यांच्याकडे जेवायला गेलं की भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवण्याआधी ताई दारात जाऊन विचारणार, "कोण राहिलं?" मग शेजारची पोरं काय, गवळी काय, जो दिसेल तो पंगतीला.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर चळवळीच्या शेवटच्या वर्षांत आम्ही दोघं एका शेती सल्ला केंद्रात होतो. संगणक नवाच आलेला. मी त्यावर पिकाचा सल्ला देणारा मराठी प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तो कुणाकुणाच्या उपयोगी पडतो हे तपासणं ताईंचं काम. जवळपासच्या बागायतदारांनी येऊन बटणं दाबली, खूश झाले. मी तर हवेतच! साहेबांना पसंत पडला की माझी नोकरी कायम होणार होती. पण ताई अडून बसल्या. "ही सगळी एकाच पंगतीतली माणसं. इतक्यात मी चांगला म्हणणार न्हाई." लय चिडलो मी. दोन दिवस त्यांच्या डब्यातली चटणीसुद्धा खाल्ली नाही.

त्यांनी पालमकडून ऊसतोडीला जाणाऱ्या गयाबाईला बोलावलं. ताई पडद्यावरचं वाचून दाखवत होत्या. रब्बी ज्वारी पेरा, मग कोळपणी, मग फवारणी... गयाबाईला हसूच फुटलं. "अवो, दसरा झाला की आमी दोघं कोयता घिऊन कारखान्यावर. घरी म्हातारी सासू. तिला फवारा उचलंल व्हय?"

माझ्या प्रोग्रॅमनं घरोघरी एक धडधाकट माणूस बसवून ठेवला होता! साहेबांना प्रोग्रॅम दाखवायची तारीख पुढं ढकलली आणि मी पहिलाच प्रश्न नवा घातला : हंगामात रानात कोण राहणार? गयाबाई पुन्हा आली, ती सासूला घेऊन. म्हातारीसाठी करडई निघाली. काटेरी पीक, जनावर तोंड लावत नाही, राखण कमी. "हे जमंल मला," म्हातारी म्हणाली. तेव्हा कुठं ताई बोलल्या, "आता चांगला हाय." नोकरी कायम झाल्याचे पेढे मी आधी त्यांनाच दिले.

परवा तेराव्याला गेलो होतो. पंगती उठल्या. ताईंची सून पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता थांबली, दारात गेली. "कोण राहिलं?"

मला स्टेशनवरून घेऊन आलेला रिक्षावाला परतीच्या भाड्यासाठी बाहेर तसाच बसला होता. तो आत आला, माझ्याजवळच्या पाटावर बसला. सुनेनं त्याला पोटभर वाढलं, आणि मगच पातेलं झाकलं.