साडेतीन मुहूर्तांतून राहिलेलं घर

मंगळवारी सकाळी माझी बायको क्लिनिकला गेली. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. ती परत आली नाही.

तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिच्या मुहूर्तांबद्दल लिहावं लागतं. ती डॉक्टर. पेशंट तपासताना तिने कधी वार बघितला नाही, पण घरातली महत्त्वाची सही मात्र साडेतीन मुहूर्तांवरच व्हायची. आमचं राहतं ग्लेन वेव्हर्लीचं घर, शेअर्स, ठेवी हे सगळं पुढे मुलीला कोर्टकचेरीविना मिळावं म्हणून आम्ही फॅमिली ट्रस्टमध्ये घातलं, ते एका दसऱ्याला. मी करारनामा पहिल्या पानापासून वाचायला घेतला होता.

"अरे, कादंबरी नाहीये ती," ती म्हणाली. "शेवट मी सांगते. तू सही करतोस."

पुढे तिने मुलीसाठी पॉइंट कुकला छोटं घर घेतलं. पाडवा गाठायचा म्हणून घाईघाईने, स्वतःच्या एकटीच्या नावावर. नंतर ट्रस्टमध्ये घालू, असं ठरलं. आमच्या वकीलबाई दरवर्षी विचारायच्या, नवीन काही घेतलंत का? घेतलेली वस्तू आपल्या पायांनी चालत ट्रस्टमध्ये जात नाही, असं बजावायच्या. हिची तयारी असायचीच, फक्त मुहूर्त हवा. पण पाडव्याला वकीलबाई रजेवर. अक्षय्य तृतीया रविवारी. दसऱ्याला क्लिनिक तुडुंब. उरला दिवाळीचा पाडवा.

"तो तर अर्धाच मुहूर्त," ती म्हणायची. "अर्धं घर घालायचं का? स्वयंपाकघर आत, बाथरूम बाहेर?"

ती गेली तेव्हा ते घर बाहेरच होतं. सगळं ट्रस्टमध्ये आहे या भरवशावर तिने मृत्युपत्रही केलं नव्हतं. मुलगी त्या घरात राहत होती. ते तिच्याकडेच राहील ना, एवढंच मला वकीलबाईंना विचारायचं होतं.

"राहील," त्या म्हणाल्या. "पण आधी कोर्टातून ते तुमच्या नावावर यावं लागेल, मग तुम्ही ट्रस्टमध्ये घालायचं. वेळ लागेल. इतकी वर्षं राहिलं कसं पण?"

मी त्यांना साडेतीन मुहूर्त इंग्रजीत समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सॉरी, हाफ?"

त्या दिवशी मी बऱ्याच आठवड्यांनी हसलो.

कोर्टाचं काम संपेपर्यंत भाद्रपद उजाडला. वकीलबाईंनी सहीसाठी गुरुवार दिला. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन.

"बाबा, कॅलेंडर बघितलंस? इट्स पितृपक्ष! आई वुड किल अस."

"अगं, याच पंधरवड्यात तर ती येणार. समोर बसून सही करून घेईल."

मला वाटलं, बोलायला नको होतं. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हसू.

"देन डोन्ट रीड इट, बाबा. प्लीज. जस्ट साइन."

गुरुवारी वकीलबाईंनी कागद पुढे केले. मुलगी शेजारी बसली होती. मी पहिलं पान वाचायला घेतलं, तिच्याकडे बघितलं, आणि थेट शेवटच्या पानावर जाऊन सही केली.

आता ट्रस्टच्या बाहेर काही राहिलेलं नाही. पॉइंट कुकच्या घरात मुलगी राहते. ग्लेन वेव्हर्लीच्या घरात मी राहतो.