फाईलआधीचं पाणी

शेताच्या बांधावर एक पिवळा खांब आहे. खालून गॅसची पाइपलाइन गेल्याची ती खूण. आज त्यावर एक कोतवाल पक्षी शेपूट हलवत निवांत बसला होता. मला उगाच वाटलं, या जमिनीवर माझ्यापेक्षा त्याचा हक्क जास्त.

जमिनीखालून ही लाइन टाकणाऱ्या कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या संमत्या गोळा करण्यात माझी उमेदीची वर्षं सरली. पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं होतं, "दारात गेलास की आधी पाणी माग. ज्याला पाणी दिलं, त्याला कुणी हाकलत नाही." खरंच हाकलत नाहीत. मी घरोघर पाणी मागितलं, घोटभर प्यायलो आणि फाईल उघडली. इतक्या ओसऱ्यांवर बसलो, पण सणाला आठवणीनं बोलावणारी त्यातली एकही नाही.

खांबापलीकडच्या घरातून अनसूयाबाई बाहेर आल्या. हे शेत त्यांचं. सहीसाठी मी त्यांच्याकडे बरेच खेटे घातले होते.

"आता आणखी कसली सही?"

"काही नाही, मावशी. वाटेनं चाललो होतो."

त्या आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. "तेव्हा घोटभर पिऊन ठेवून द्यायचास. तहान नसायचीच तुला, कळायचं मला."

"मग द्यायचात कशाला?"

"दारी आलेल्याला आधी पाणी विचारावं. कशाला आलास, ते मागून."

मी सगळं पाणी प्यायलो. तांब्या रिकामा झाला, तरी हातातून सोडवेना. तो परत दिला की तिथं थांबायला मला काही कारण उरणार नव्हतं.