वॉर्डातली होतकरू मुलगी

एम.ए.च्या अर्जासोबत दोन शिफारसपत्रं हवी होती. एक बोरीवलीच्या माझ्या कॉलेजातल्या मॅडमनी दिलं. दुसरं आणायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं. आजोबा गिरणीत होते, बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि शिफारस म्हणजे काय हे आमच्या घरात पक्कं ठाऊक होतं. रेशनकार्ड असो की शाळेचा प्रवेश, माणूस नगरसेवकाकडे जातो.

बाबांनी दोन दिवस खाडा केला, नगरसेवकांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले आणि पत्र घेऊनच आले. लेटरहेड, गोल शिक्का, झोकदार सही. 'सदर मुलगी माझ्या वॉर्डातील रहिवासी असून होतकरू व सुस्वभावी आहे. तरी तिला प्रवेश मिळावा ही विनंती.'

"झकास काम झालं," बाबा म्हणाले. "आता कोण अडवतोय तुला?"

मलाही ते झकासच वाटलं. देवापुढे ठेवून मग मी ते अर्जाला जोडलं.

संस्था मोठी नावाजलेली. मी दुसरीकडे कुठे अर्जही केला नव्हता. मुलाखतीला तिघे प्राध्यापक होते. मधल्या सरांनी माझं पत्र वर धरलं, शेजारच्या बाईंना शिक्का दाखवला आणि इंग्रजीत विचारलं, निवडणुकीला उभी राहणार आहेस का? तिघेही हसले. त्यात दुष्टावा नव्हता, त्यांना खरंच गंमत वाटली होती. वाट लागली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मग मीही हसले आणि म्हणाले, "सॉरी सर, माझ्या वडिलांना यातलं काही कळत नाही."

पुढची मुलाखत छान झाली. प्रवेश मिळाला. बाबा पेढे घेऊन आधी नगरसेवकांकडे गेले.

पहिल्याच महिन्यात कँटीनमध्ये वर्गातली एक मुलगी सांगत होती, तिचं पत्र परदेशातल्या प्राध्यापकाचं, म्हणजे तिच्या वडिलांच्या मित्राचं होतं. "मीच लिहिलं यार, अंकलनी फक्त सही केली." कोणीही हसलं नाही. मला मात्र स्वतःचाच भयंकर राग आला. आमच्या नगरसेवकांनी निदान मला त्यांनी वॉर्डात चालवलेल्या अभ्यासिकेत तीन वर्षं पुस्तकात डोकं खुपसून बसलेलं पाहिलं तरी होतं.

यंदा शेजारच्या मुलीने त्याच संस्थेचा फॉर्म भरायला घेतला. बाबा लगेच चपला घालून तयार. "चल गं, साहेबांकडे जाऊ. हिचं काम त्यांच्याच पत्राने झालं ना!"

"बाबा, थांबा," मी म्हटलं. आणि मुलाखतीत काय झालं, मी काय बोलले, ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चपला काढून जागेवर ठेवल्या.

"बरोबरच बोललीस की," ते म्हणाले. "मला कुठे काय कळत होतं?"