श्रेयाच्या गळ्यातले आबा

माझी श्रेया बारा वर्षांची. बोलायला लागली तीच दुसऱ्यांच्या आवाजात. डेअरीवरच्या रामहरीचं नाकातलं बोलणं, प्रार्थनेत बाईंचं वरच्या पट्टीत चिरकणं, सगळं तिच्या गळ्यात बसायचं. वडगावात कुणीही भेटलं की म्हणायचं, "ए रेडिओ, माझा काढ की आवाज." मला कौतुक वाटायचं.

फाल्गुनात माझे सासरे, महिपती आबा, गेले. गाईची धार तेच काढत. चौथ्या दिवशीही तांबडी दूध चोरत होती, कासेला हात लावू देईना. मीच श्रेयाला म्हटलं, "आबा तिच्याशी कसे बोलायचे, तसं बोल बरं."

तिनं तंबाखू धरल्यासारखी जीभ खालच्या ओठात अडकवली, आबांसारखी दोनदा खाकरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सरक गं बाय, लय नखरं नगं करूस." तांबडीनं कान हलवले आणि पान्हा सोडला.

ओट्यावरून माझ्या सासूबाई, कुशाबाई, उठून गोठ्यात आल्या. चार दिवस त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "मलाबी इच्यार की, जेवलीस का म्हून."

श्रेयानं विचारलं. त्या जेवल्या. तेव्हापासून "कुशे, जेवलीस का?" ऐकल्याशिवाय त्या घास उचलत नाहीत.

भाद्रपदात श्रेयाचा स्वतःचा आवाज बसू लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर मौन. जाड आवाज तर अजिबात नको, नाहीतर गळा कायमचा जाईल.

सासूबाईंना सांगितलं. "पोरीच्या गळ्याम्होरं माझं जेवान कशाला," त्या म्हणाल्या, अगदी मनापासून. पण ताट पुढं आलं की हात मांडीवरच राहतो. श्रेयाच्या बाबांनी प्रयत्न केला, तर त्या हसल्या. "तुजा बाप असा रेकत न्हवता." श्रेयानं काढलेला आबांचा आवाज मी मागे मोबाइलमध्ये भरून ठेवला होता, तो लावला. तो त्यांनी नीट ऐकला आणि म्हणाल्या, "ह्यो माझ्याकडं बघत न्हाय."

दोन दिवस असेच गेले. आज संध्याकाळी मी त्यांचं ताट वाढलं, तेव्हा श्रेयानं वही माझ्यापुढं धरली. त्यात लिहिलं होतं, 'एकदाच?'

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भाकरी आणायला आत गेले. तव्यावरची भाकरी उलटताना बाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं.