लग्नपत्रिकेवरचा डावखुरा

नीळकंठकाका. मी सर्वांत जास्त ज्यांचं देणं लागतो त्यांचं हे नाव, म्हणून ते आधी. यापुढचं मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं — बायकोला अजूनही नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की कपाटात एक कार्ड होतं आणि त्याला हात लावलेला मला आवडत नसे.

आमगावहून बारावी करून मी रायपूरला आलो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. वडील रायपूरातल्याच भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवायचे आणि तिथंच पोत्यांवर झोपायचे. मी कुठं झोपणार? काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून नुकतेच रिटायर झाले होते. लग्न केलेलं नव्हतं. वडिलांशी त्यांची ओळख फक्त मालाच्या निमित्तानं. तरी म्हणाले, "राहू दे पोट्ट्याले माह्याकडं. खोली तशीबी रिकामीच बोंबलून राहिली." मी त्या खोलीत राहून पदवीधर झालो.

काकांना एकच नाद होता — क्रिकेटपटूंच्या सह्या. पण सही वहीत घ्यायची नाही. आधी कार्ड बनवायचं. सदर बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांकडे आलेल्या जुन्या लग्नपत्रिका ते मागून आणत. त्यांचा कागद जाड असतो. छापील बाजूवर मासिकातून कापलेला खेळाडूचा फोटो मैद्याच्या खळीनं चिकटवायचा, मागच्या कोऱ्या बाजूवर त्याची माहिती सुवाच्य अक्षरात लिहायची, आणि फोटोखाली सहीसाठी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची. फोटोभोवती सोनेरी वेलबुट्टी उरायचीच. एखाद्या फलंदाजाच्या डोक्यावर सोनेरी गणपती बसलेला असायचा. मग ते कार्ड पत्रासोबत खेळाडूला पाठवायचं, आणि आत आपलाच पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला जवाबी लिफाफा. त्याशिवाय काका कधीही काही मागत नसत. "आपल्याले उत्तर पायजे ना? मंग उत्तराचं तिकीट आपण लावाचं."

पत्र इंग्रजीत जायचं, आणि ते मी लिहायचो. मला इंग्रजी कुठं येत होतं! डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहायचं आणि काकांना अर्थ सांगायचा. एकदा मी फारच लाचार काहीतरी लिहिलं. काका म्हणाले, "विनंती करून राहिलो आपण, भीक नाही मागून राहिलो. फाड. पुन्हा लिही." असं पुन्हा पुन्हा लिहून मी इंग्रजी शिकलो. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, सरकारी खाती उघडली, नोकऱ्या निघाल्या, त्यातली एक मला मिळाली — ती त्या पत्रांमुळे. हे मी आज लिहितोय. तेव्हा हे कुणाला सांगितलं असतं का? नाही. तीच तर गोष्ट आहे.

काकांच्या कार्डांच्या डब्यात एक सही नव्हती. ज्याच्यामुळे नाद लागला त्याचीच. एक डावखुरा फिरकी गोलंदाज, मोठं नाव न झालेला. काकांनी तरुणपणी त्याला नागपूरला पाहिलं होतं. "दिवसभर टाकत राहिला बिचारा. एक विकेट नाही भेटली. पण शेवटच्या ओव्हरले बी असा आला, जसा आत्ताच जेवून उठला." त्याला पाठवलेली पत्रं पत्ता बदलल्यामुळे परत यायची. काका ती उघडत, आतलं कार्ड सांभाळून ठेवत.

मग रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या शहरात मोठं स्टेडियम उभं राहिलं. एका वर्षी तिथं जुन्या खेळाडूंचा सामना ठरला आणि पाहुण्यांमध्ये डावखुऱ्याचं नाव पेपरात आलं. ऑफिसमुळे मला पास मिळाला. एव्हाना मी क्वार्टरमध्ये राहायला गेलो होतो. काकांकडे रविवारी जायचो — पुढंपुढं सगळ्याच रविवारी नाही. त्यांचे गुडघे गेले होते, त्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या. त्यांनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "दोन्ही हातांनं दे. पेन आपला. टोपण काढून दे, त्याले काढाले लावू नको." मी मान डोलावत हव हव म्हणत राहिलो.

त्या दिवसांत आमच्या ऑफिसात एक फॅशन आली होती — क्रिकेटपटूंची जुन्या वळणाची छापील कार्डं. कोरी करकरीत, पण मुद्दाम पिवळट छापलेली, कोपरे झिजल्यासारखे दाखवलेले. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सौरभ आणि बाकीचे पाकिटंच्या पाकिटं मागवत. मीही मागवत होतो. सामन्यालाही आम्ही सगळे सह्यांसाठी ती घेऊनच गेलो होतो.

इथपर्यंत सांगणं सोपं होतं.

सामन्याआधी जुने खेळाडू कठड्याच्या बाजूनं चालत आले. मोठ्या नावांभोवती गर्दी झाली. मी काकांचं कार्ड पिशवीतून काढून हातात धरलं. सौरभनं ते पाहिलं. गणपती, सोनेरी वेलबुट्टी, सगळं. "अरे दिलीप भैया, ये किसकी शादी का न्योता है? दूल्हा तो बड़ा बुजुर्ग है!" सगळे खो-खो हसले. आणि मी — मीही हसलो. म्हणालो, "हमारे पुराने मोहल्ले में एक पगला बुढ़ऊ है यार, पीछे पड़ गया था."

पगला बुढ़ऊ. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं हे. चटकन आलं, जसं तयारच होतं.

तेवढ्यात डावखुरे आमच्यासमोर आले. एकटेच. पांढरी टोपी, जरा वाकलेले. त्यांच्यामागे कुणी धावत नव्हतं. कठड्यावर हात ठेवून थांबले, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं — फोटो त्यांना दिसला का, मला आजही माहीत नाही — आणि त्यांनीच विचारलं, "साइन चाहिए, बेटा?"

त्यांचा हात थोडा पुढं आला होता.

मी कार्ड उलटं करून मांडीशी दाबलं. म्हणालो, "नहीं सर, बस ऐसे ही."

"अच्छा, अच्छा," म्हणाले, हसले, आणि उगाच थोडा वेळ तिथंच उभे राहून मैदानाकडे पाहत राहिले. मग गेले. मी हाक मारू शकत होतो. ते फार हळू चालत होते.

काकांना काय सांगितलं? ते आलेच नाहीत म्हणून. कार्ड परत द्यायला गेलो तर म्हणाले, "ठेव तुह्याकडंच. पुढं कधी येईन तो." मग काळजीत पडले. "काहून नसन आला? तब्येत तर बरी असन ना?" आणि मला समोर बसवून तब्येतीची चौकशी करणारं पत्र लिहायला लावलं. सहीचा शब्दही नाही त्यात. पेपरात त्यांच्या क्लबचं नाव आलं होतं, त्या पत्त्यावर. जवाबी लिफाफ्यावर तिकीट काकांनी स्वतः चिकटवलं.

ते पत्र मी पोस्टात टाकलं नाही. त्यांचं उत्तर आलं असतं ना — "मी तर आलो होतो, माझी तब्येत छान आहे." पंडरीच्या बाजाराकडे जाताना एका नाल्यात फाडून टाकलं. त्यानंतर कधीही गेलो तरी काका विचारायचे, पोस्टमन तुह्या क्वार्टरकडं तर नाही जाऊन राहिला? आणि मी नाही म्हणायचो.

पुढं डावखुरे वारले. पेपरात लहानशी बातमी होती. काकांनी ती कापून ठेवली. मला म्हणाले, "पाय, मी म्हणलं होतं ना? तेव्हाच बरं नव्हतं त्याले. म्हणून उत्तर नाही आलं." त्यांच्या आवाजात समाधान होतं — त्या माणसानं आपल्याला टाळलं नव्हतं, याचं. मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

काका आता अकोल्याला पुतणीकडे असतात. डोळे अधू झालेत. तीच त्यांना वाचून दाखवते. माझ्याकडे छापील कार्डांनी भरलेले डबे आहेत, सौरभची बदली झाली, आणि ते डबे दाखवावेत असं कुणी नाही. गेल्या आठवड्यात मी पोस्टात गेलो. पत्र मराठीत लिहिलं होतं. ते असं :

तीर्थस्वरूप नीळकंठकाकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डावखुरे त्या दिवशी आले होते. त्यांची तब्येत चांगली होती. ते माझ्यासमोर थांबले आणि सही पाहिजे का, असं त्यांनीच विचारलं. तुमचं कार्ड माझ्या हातात होतं. मित्र त्याला हसले होते, म्हणून मी नाही म्हणालो. मित्रांपुढे मी तुम्हाला वेडा म्हातारा म्हणालो. तुमचं तब्येतीचं पत्र मी फाडून टाकलं. ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

कार्ड सोबत पाठवतो आहे. सहीची पट्टी कोरी आहे.

या पत्रात जवाबी लिफाफा ठेवलेला नाही.

दिलीप