गाण्यातला नालायक

नोय पुलोच्या, म्हणजे आमच्या पुलोदादाच्या, गळ्यात सुराचा पत्ता नव्हता, पण पोरो या आमच्या बेटावरच्या गावाला गायला लावायचं काम मात्र त्याचंच. वाढदिवस असो, बारसं असो, नाहीतर कोणाचं मयत, पडद्यावर शब्द दाखवणारं त्याचं गाण्याचं मशीन तीनचाकीला बांधून हजर व्हायचं आणि मशीनच्या मागोमाग नोय पुलो. मशीन भाड्याचं, नोय पुलो फुकट. लोकांना ताप व्हायचा तो या फुकटच्याचा.

कारण ग्लेंडा सुमालिनोगचं ते गाणं. ग्लेंडा आमच्याच गावची. सेबू शहरात गेली, गाणी लिहायला लागली, स्वतःच ती गायला लागली आणि तिचं ‘तू आला नाहीस’ असं काही गाजलं म्हणता, की जीपनी गाडीत तेच, मासळीबाजारात तेच, पाद्रीबाबांच्या कोंबड्याने तेवढं आरवायचं बाकी होतं. गाण्यात एक पुरुष पोरीला लग्नाचं वचन देतो, बोटीत बसून जातो तो जातोच, आणि ती बिचारी वाढलेलं पोट घेऊन चर्चच्या दारात उभी. हे ऐकून गावातल्या बाया त्या पुरुषाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

आणि हा शहाणा छाती पुढे काढून सांगायचा, “तो मीच!”

आता बोला! नालायक म्हणून का होईना, गाण्यात आलो याचाच त्याला केवढा अभिमान. खरं सांगायचं तर शाळेच्या कार्यक्रमात ग्लेंडा गायली तेव्हा याने तिच्या तोंडापुढे माइक धरला होता, कारण स्टँड मोडला होता. संपलं प्रेमप्रकरण.

“रडत होती रे धक्क्यावर,” माडीचा तिसरा पेला पोटात गेला की तो सुरू व्हायचा. “पण मी कसला कठोर! मागे वळून पाहिलं नाही.”

“नोय, तू पलीकडच्या किनाऱ्यावरच्या ऑर्मोकच्या पुढे गेलायस कधी? तेवढ्यातही सगळ्या बोटीत ओकतोस,” पिणारे म्हणायचे.

“तेव्हा नव्हतो ओकत!”

त्याची बायको पासिंग, मानाने नांग पासिंग, बाजारात सुकी मासळी विकायची. घर तिच्याच जिवावर चालायचं. गाणं लागलं की गिऱ्हाइकं मासळी सोडून तिच्याकडे बघत राहायची, कोणी कीव करत, कोणी दात काढत. ती मान खाली घालून वजन करायची. गावच्या फिएस्ताला, म्हणजे जत्रेला, ग्लेंडा गायला येणार असं कळलं, त्या दिवशी मात्र तिने त्याच्यापुढे भाताचं ताट आदळलं.

“तिच्या तोंडून एकदा होऊन जाऊ दे. खरं असेल तर तिला चार लोकांत म्हणू दे. खोटं निघालं तर या गाण्याचं नाव काढायचं नाही. नाहीतर मी चालले ऑर्मोकला बहिणीकडे, कायमची. मला नाही सोसवत रे आता लोकांच्या नजरा.”

नोय पुलोने ताट जवळ ओढलं. पासिंग गेली तर आपलं काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साधा भात त्याला शिजवता येत नव्हता. पण गडी लगेच सावरला. ग्लेंडा एवढी मोठी बाई झाली, जुन्या वर्गमित्राला चार लोकांत खोटं कशाला पाडेल? हसेल आणि हो म्हणेल, झालं!

फिएस्ताच्या दिवशी त्याने केसांना असा काही कलप फासला की कानही काळे झाले. कप्तानच्या, म्हणजे सरपंचाच्या, घरी भाजलेल्या डुकरावर ताव मारला आणि मैदानात पुढची खुर्ची पकडली. ग्लेंडाने गाणं म्हटलं, सगळं मैदान तिच्याबरोबर गायलं. संपलं तसा सूत्रसंचालक, म्हणजे कप्तानचा मेहुणा, ओरडला, “अहो, गाण्यातला तो हरामखोर इथेच बसलाय!” पोरांनी नोय पुलोला ढकलत ढकलत स्टेजवर चढवलं.

“तूच का तो?” ग्लेंडाने माइकवरच विचारलं.

“म्हणजे काय! ओळखलं नाहीस गं मला, दाय? मीच तो!”

शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. ग्लेंडाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला हसू आवरत नव्हतं.

“बरं झालं बाई सापडलास. रोवेना, इकडे ये गं. हे बघ तुझे वडील. हात कपाळाला लाव त्यांचा.”

कीबोर्डमागून एक उंच पोरगी पुढे आली. तीही हसत होती. नोय पुलोचा हात कपाळाला लावायला ती वाकली. आता वडीलधाऱ्याचा हात कपाळाला लावायला कोणाचंही पोर आलं, तर हात पुढे करून ‘देव भलं करो’ म्हणतातच की आपल्याकडे! भांडण असलेल्या घरचं पोर असलं तरी म्हणतात. पण नोय पुलोची पाचावर धारण बसली. त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“मी नाही! मी नाही तो! मी फक्त माइक धरला होता! मेरीमातेची शपथ!”

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. पोरीचा हात मात्र तसाच पुढे राहिला. तिचं हसू पार गेलं. ग्लेंडाही गंभीर झाली. तिने माइक खाली घेतला, त्यामुळे पुढचं फक्त पहिल्या रांगेला ऐकू आलं.

“हिच्या बापानेही असाच हात मागे घेतला होता. चार वर्षांची असताना हिला त्याच्या दारात नेलं होतं, तेव्हा.”

पहिल्या रांगेत पासिंग होती. ती उठली, तरातरा स्टेजवर चढली, हात झग्याला पुसला आणि पोरीपुढे धरला. “ये गं माझ्या बाई.” पोरीने तो कपाळाला लावला. “देव भलं करो तुझं,” पासिंग म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

नोय पुलोने घाम पुसला. “सुटलो बाबा! चल पासिंग, घरी.”

“तू जा. मी ऑर्मोकला चालले.”

“आँ? अगं, गाणं माझ्यावर नाही हे कळलं ना आता सगळ्यांना?”

“इतकी वर्षं मलाही वाटायचं, हा नुसत्या थापा मारतो,” पासिंग म्हणाली. “आज पटलं. गाणं तुझ्यावरच आहे.”