बहिणीचा दीर आणि पेटंटचं कलम

फोनवर किंवा संगणकावर ‘मी सहमत आहे’ असं लिहिलेलं जे बटण येतं, ते आतला सगळा मजकूर वाचून मगच दाबणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे. तो माझ्या थोरल्या बहिणीचा दीर असून आंधळगावला राहतो. त्यानं नवा फोन आणला तेव्हा तो फोन कित्येक दिवस डब्यासकट फळीवर पडून होता. बहिणीनं विचारलं, “भाऊजी, बिघडला काय जी?” तर म्हणाला, “बिघडला नाई वहिनी, वाचून राहिलो. अजून अर्धंच झालं.” पुढं तो सहमत झाला, पण नाइलाजानं, आणि कोणकोणत्या मुद्द्यांवर आपण मनातून सहमत नाही हे त्यानं मला मोहाडीला येऊन सांगितलं. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. त्यामुळं शब्दांचा कीस पाडणारा प्रत्येक माणूस माझा जातभाई आहे असं लोक समजतात, आणि हा तर तसं धरूनच चालतो.

घर कोष्ट्याचं. पुढच्या खोलीत वडिलांचा माग, त्याच्या बाजूला याचा संगणक. दोघांवर एकच पंखा. पुण्याला सॉफ्टवेअरची चांगली नोकरी होती. वडील आजारी पडले म्हणून आला, वडील गेले, आणि हा राहिला तो राहिलाच. मुलांच्या शाळेसाठी माझी बहीण आणि मेहुणे नागपूरला गेले, तेव्हापासून त्या लांबट घरात हा एकटा. बाहेरगावची कामं घरी बसून करतो, पोटापुरतं मिळवतो, आणि उरलेला सगळा जीव एका प्रोग्राममध्ये ओततो. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, लुगड्याच्या काठाची नक्षी फोनवर चौकटीत काढली, की कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे ते हा प्रोग्राम विणकराला सांगतो. हा प्रोग्राम त्यानं फुकट तर दिलाच आहे, शिवाय ओपन सोर्स ठेवला आहे, म्हणजे आतली सगळी लिखावट उघडी. कुणीही घ्यावी, बदलावी, पुढं द्यावी. आता एवढं उदार काम केल्यावर माणसानं सुखानं झोपावं की नाही? पण उघडी वस्तू देतानाही एक परवाना जोडावा लागतो, आणि या परवान्यांनी त्याची झोप खाल्ली आहे.

त्याच्या मते जगातल्या परवान्यांच्या दोनच जाती आहेत, मुके आणि बोलके. मुका परवाना चार ओळींचा. घ्या, वापरा, आमचं नाव तेवढं ठेवा, बिघडलं तर आम्हाला बोलू नका. पेटंटबद्दल अवाक्षर नाही. बोलका परवाना लांबलचक, पण त्यात पेटंटचं कलम असतं. मला हे काही केल्या समजेना, तेव्हा त्यानं मागावरचा धोटा उचलून माझ्या हातात ठेवला.

“हा धोटा म्या तुमाले देला. फुकट. बरोबर?”

“बरोबर.”

“उद्या म्या म्हणलं, धोटा तुमचा, पण त्यो फेकाची रीत माही आहे, पेटंट आहे माह्याजवळ. रीतीचे पैसे टाका. तं मंग?”

“मग धोटा घेऊन काय करू?”

“तेच तं सांगून राहिलो ना भाऊ! देणाऱ्यानं वस्तूसंगं रीत बी द्याले पाह्यजे. अन् ते तोंडानं नाई, लिहून.”

बोलक्या परवान्यात याच्या पुढंही एक पाऊल आहे. ज्यानं प्रोग्राममध्ये आपली भर घातली त्यानं तिची रीतही दिली, आणि तरी कुणी उठून ‘ही रीत माझी’ म्हणत कोर्टात गेलाच, तर इतरांच्या रीती वापरण्याचा त्या भांडखोराचा हक्क तिथंच संपला. हे कलम सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं की ऐकणाऱ्याला वाटावं, याला आताच कुणीतरी जेवायला वाढलं आहे.

आता असं कलम परवान्यातच राहिलं असतं तर ठीक होतं. पण यानं ते गावात आणलं. शेजाऱ्यानं याची शिडी नेली, तिची मोडकी पायरी स्वतःच्या हातानं बदलली आणि चांगुलपणानं परत दिली. यानं त्याला थांबवून विचारलं, “ही पायरी सगळ्यांसाठी ना?” तो बिचारा हो म्हणाला. पुढं पावसाआधी छपराचे कवेलू फेरण्याच्या दिवसांत शिडी दुसऱ्याकडं गेलेली पाहून शेजारी चिडला आणि “पायरी माही आहे” म्हणून चौकात भांडला. झालं! भांडण उकरलं, हक्क गेला. शेजारी नरम पडून शिडी मागायला आला तेव्हा यानं त्याला दारातच कलम समजावून सांगितलं आणि शिडी नाकारली. मग स्वतः शिडी खांद्यावर घेऊन त्याच्या घरी गेला, वर चढला आणि दुपारभर उन्हात त्याचे कवेलू फेरून आला. “शिडी वापराचा हक्क गेला त्याचा,” तो मला म्हणाला, “माहा थोडीच गेला?”

लग्नाच्या बाबतीतही हेच. एका ठिकाणी माझी बहीण त्याला घेऊन गेली होती. स्थळ चांगलं, मुलगी शिकलेली, पोहे समोर आलेले. मुलीचे मामा मोठ्या मनानं म्हणाले, “आमची काहीच अट नाई पाहा.” कुणीही या वाक्यावर हात जोडले असते. हा काळजीत पडला. म्हणाला, “अट नाई म्हणजे काई बोलणंच नाई झालं. पुढं पंचाईत तिथंच होते. दोघांच्या बी अटी एकदा बोलून घेऊ.” मामांनी बशी खाली ठेवली. बहीण सांगते की परतीच्या वाटेत तो एवढंच म्हणाला, “वहिनी, मुलगी हसली होती तवा.” त्यानंतर त्याला कुणी स्थळ दाखवलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही.

त्याचं बोलणं खरोखर कळणारा माणूस एकच होता, कॉलेजातला त्याचा मित्र. प्रोग्रामची पहिली लिखावट दोघांनी मिळून केली होती. मित्र पुढं बंगलोरला एका मोठ्या कंपनीत गेला, पण दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. हा ओट्यावर सतरंजी टाकून बसायचा, फोन मोठ्या आवाजात लावायचा आणि तासन्‌तास हुज्जत घालायचा. आठवडाभर ज्याच्या तोंडातून चार वाक्यं निघत नाहीत, तो माणूस रविवारी रस्त्याला ऐकू जाईल असा हसायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना रविवार कळायचा तो या हसण्यावरून.

एके दिवशी त्या मित्रानं एक भर पाठवली. काय भर होती! जुन्या लुगड्याच्या काठाचा फोटो काढायचा, की त्यातली नक्षी आपोआप चौकटीत उतरते. धागे मोजत डोळे फोडायला नकोत. यानं ती परीक्षेपुरती चालवून पाहिली आणि समोरच्या काकूंना दाखवली. काकूंनी पेटीतून आपल्या आईचं विरलेलं लुगडं काढलं, फोटो घेतला, आणि जो काठ आता कुणालाच विणता येत नव्हता तो फोनवर दिसू लागला. काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी तिथं होतो. हा इतका आनंदात होता की चहात साखर घालायची विसरला आणि आम्ही तो तसाच प्यालो.

पण ती रीत मित्राच्या कंपनीच्या पेटंटातली होती. याच्या प्रोग्राममध्ये जी भर येईल ती बोलक्या परवान्याखालीच, असा याचा पहिल्यापासूनचा नियम. कंपनीच्या वकिलांना पेटंटचं कलम नको होतं. मुक्या परवान्यावर घ्यायचं तर घ्या, असा त्यांचा निरोप. तो रविवार मला आठवतो. मित्र काकुळतीला येऊन सांगत होता, “अरे, कोण येणार आहे आंधळगावात पैसे मागायला? मी आहे ना इथं! तुझा माझ्यावर विश्वास नाही का?”

“तुह्यावर आहे ना बाप्पा,” हा म्हणाला. “तू ज्या खुर्चीवर बसला, तिच्यावर नाई. तू तिथं आहे तवरक कोणी नाई मागणार. पण तू जाशीन. दुसरा येईन. तवरक समद्या गावाचे माग याच्यावर चालत असतीन. त्यायनं मागितले तं काकू काय वकील लावन?”

“मग काय करायचं?”

हा रस्त्याकडं पाहत राहिला. मला वाटलं, आता हो म्हणेल. मनापासून सांगतो, मला तेव्हा वाटत होतं की त्यानं हो म्हणावं, खड्ड्यात गेलं ते कलम.

“राहू दे मंग,” तो म्हणाला.

दोघं भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणारी माणसं पुन्हा फोन तरी करतात. पुढच्या रविवारी मित्राचा फोन थोडका झाला, त्याच्या पुढच्या रविवारी त्याला काही काम निघालं, आणि मग रविवार नुसतेच येऊ लागले. यानं ती भर काढून टाकली. काकू तणतणत आल्या. “चालू होतं ते काहून काढलं रे बाबू? त्यानं मनानं देलं होतं ना?” “देलं होतं काकू, पण रीत नव्हती देली,” हा म्हणाला. “रीत मले कायले पाह्यजे? मले माह्या मायचा काठ पाह्यजे,” असं म्हणून काकू निघून गेल्या. तेव्हापासून हा रोज संध्याकाळी भिंग घेऊन त्यांच्या ओट्यावर बसतो, त्या लुगड्याचे धागे हातानं मोजतो आणि एकेक चौकट भरतो. काकू त्याच्याशी बोलत नाहीत, पण दिवा त्याच्याकडं सरकवतात. प्रोग्रामवर मित्राचं नाव अजून याच्या नावाच्या वर आहे. बहिणीनं एकदा टोकलं, तर म्हणाला, “नाव काढाची परवानगी लायसन देत नाई, वहिनी.”

दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी मी सकाळचा गेलो तेव्हा हा सतरंजीवर बसला होता. फोन उलटा ठेवलेला. मला पाहून म्हणाला, “भाऊ, तुमी बी एखादी भर घाला ना. कोणी घालतच नाई आता.” मी म्हटलं, बाबा रे, मला मराठीशिवाय काही येत नाही. म्हणाला, मराठीतच द्या, नवशिक्या विणकरासाठी एखादी सूचना. मी बराच विचार करून लिहून दिलं : ‘पुढची ओळ धरण्याआधी विणलेली ओळ एकदा पाहून घ्यावी.’ त्याला ती पसंत पडली. पण तेवढ्यावर सुटका कुठली? त्यानं पेटंटचं कलम स्वतः मराठीत उतरवलं आहे, ते माझ्यापुढं धरलं.

“तुमच्याजवळ पेटंट आहे का एखांदं?”

“माझ्याजवळ एक मोटरसायकल आहे आणि बी.एड. आहे.”

“तरी वाचा. जोरानं वाचा.”

मी वर्गात वाचतो तसं वाचलं. ‘या कामात मी जी भर घातली आहे, तीत माझी म्हणून जी काही रीत असेल, ती वापरण्याचा हक्क मी सर्वांना देतो : जगभर, विनामोबदला, कायमचा आणि परत न घेता येणारा.’

तो हळूच म्हणाला, “शेवटचं पुन्हा एकडाव म्हणा.”

“कायमचा आणि परत न घेता येणारा.”

“देता ना?”

“देतो.”

तो उठून आत चहा मांडायला गेला आणि बऱ्याच वेळानं आला. चहा दोन कपांत होता आणि त्याचे डोळे लाल होते. “आता तुमाले हे वापस घेता नाई येत, भाऊ,” तो म्हणाला. “आपलं भांडण झालं, तरी नाई.”

मला पेटंटमधलं अजूनही काही कळत नाही. पण आता रविवारी सकाळी मी मोटरसायकल काढतो आणि आंधळगावला जातो. बायको विचारते, तिथं दर आठवड्याला काय काम असतं? मी सांगतो, एक ओळ द्यायची राहिली आहे.